दोन मीटरच्या एचडीएमआय केबलला सात हजार द्यावेत का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात नव्या फ्लॅटचं काम चालू आहे, पीओपीचं छत अजून व्हायचं आहे. हॉलमध्ये ६५ इंची ४के टीव्ही, खालच्या युनिटमध्ये एव्ही रिसीव्हर (सगळी यंत्रं ज्याला जोडतात आणि जो चित्र टीव्हीला, आवाज स्पीकरला देतो तो डबा), आणि सुट्टीच्या दिवशीच्या सिनेमासाठी छताला प्रोजेक्टर. दुकानदार म्हणतो, एवढा खर्च केलात तर ही यंत्रं एकमेकांना जोडणारी एचडीएमआय केबलही त्याच तोलाची घ्या. दोन मीटरची सात हजारांची, चित्राला खोली येईल, काळा रंग अजून काळा दिसेल. मित्र म्हणतो, तीनशे रुपयांची केबल तेच काम करते, बाकी सगळं खूळ आहे. कोणाचं ऐकायचं?

मी पुण्यात होम थिएटर बसवतो आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. माझं मत सरळ सांगतो. दुकानदार चित्राबद्दल जे सांगतो आहे ते चूक आहे. मित्राचं म्हणणं युनिटमधल्या केबलींपुरतं बरंचसं बरोबर आहे, पण तेच गणित प्रोजेक्टरच्या केबलला लावलंत तर सहा महिन्यांनी पीओपी फोडायची वेळ येईल. तुमच्या घरात एक नाही, दोन प्रश्न आहेत. रिसीव्हर ते टीव्ही हा दीड-दोन मीटरचा, उघडा, कधीही बदलता येणारा तुकडा. रिसीव्हर ते प्रोजेक्टर हा भिंतीतून आणि छतातून जाणारा लांब तुकडा. दोन्हींना एकच उत्तर नाही.

आधी चित्राचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एचडीएमआयचं पहिलं मानक २००२ च्या अखेरीस आलं. त्याआधी डीव्हीडी प्लेयरपासून टीव्हीपर्यंत पिवळ्या पिनेची कंपोझिट वायर असायची, जरा हौशी माणसाकडे लाल-हिरवी-निळी कम्पोनंट, आणि प्रोजेक्टरला व्हीजीए. या वायरींतून चित्र व्होल्टेजच्या चढउताराच्या रूपात जायचं. वायरीने तो चढउतार जरा जरी बोथट केला की चित्र तेवढंच बोथट व्हायचं. लांब, हलक्या व्हीजीए वायरीवर अक्षरांच्या कडेला सावली पडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि वायर बदलल्यावर ती गेलेलीही पाहिली आहे. त्या काळी चांगल्या वायरीला पैसे मोजणं योग्यच होतं. दुकानदारांची एक अख्खी पिढी तेव्हा धंदा शिकली, त्यामुळे तुमचा दुकानदार मुद्दाम फसवत असेल असं मी म्हणणार नाही. त्याचा अनुभव खरा आहे, फक्त तो दुसऱ्या वायरीचा आहे.

एचडीएमआयमधून आकडे जातात. प्रत्येक ठिपक्यातलं लाल, हिरवं, निळं किती, एवढंच ती वाहून नेते. फोनवर कोणी तुम्हाला मोबाईल नंबर सांगतंय असं समजा. आवाज थोडा खरखरत असला तरी दहाच्या दहा आकडे नीट कळले तर फोन त्याच माणसाला लागतो. सांगणाऱ्याचा आवाज फार गोड होता म्हणून तो नंबर अधिक चांगला होत नाही. काळा रंग अधिक काळा व्हायचा असेल तर केबलने प्रत्येक ठिपक्याचा आकडा उलगडून, त्यातला उजेड कमी करून, नवा आकडा लिहून पुढे पाठवायला हवा. तांब्याची तार हे करू शकत नाही, मग तिच्यावर चांदीचा मुलामा असो की रेशमी वेष्टण.

केबल कमी पडली तर काय दिसतं हे ओळखता आलं पाहिजे, कारण इथेच लोक चकतात. आकडे चुकायला लागले की कोणत्या ठिपक्याचा चुकेल याला काही नियम नसतो. म्हणून दोष दिसतो तो पडद्यावर इकडेतिकडे चमकून जाणाऱ्या पांढऱ्या किंवा रंगीत ठिपक्यांच्या रूपात. अंधाऱ्या प्रसंगात ते चटकन कळतात. आम्ही त्याला ‘स्पार्कल’ म्हणतो. त्याहून बिघडलं की स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होऊन परत येते, आवाज मध्येच तुटतो, आणि शेवटी ‘नो सिग्नल’. चित्र एकसारखं फिकट आहे, धूसर आहे, चेहरे लालसर दिसताहेत, या तक्रारी घेऊन कोणी आलं तर मी केबलीकडे बघतही नाही. थेट टीव्हीच्या पिक्चर मोडकडे जातो.

तरीही ‘केबल बदलली आणि चित्र सुधारलं’ असं सांगणारी माणसं भेटतात, आणि ती खोटं बोलत नसतात. यामागे दोन कारणं मी वारंवार पाहतो. पहिलं म्हणजे यंत्रं आपापसात बोलून ठरवतात की कोणत्या दर्जाचं चित्र पाठवायचं. केबल कमजोर असेल तर काही स्ट्रीमिंग बॉक्स आणि गेमिंग कन्सोल ठिपके उडवत बसण्याऐवजी गुपचूप एक पायरी खाली उतरतात: एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) बंद, किंवा रंगाची माहिती कमी, किंवा १२० च्या जागी ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. नव्या पद्धतीच्या जोडणीत तर हे ठरवूनच ठेवलेलं आहे. सुरुवातीला दोन्ही टोकं वेग तपासतात आणि जमत नसेल तर खालच्या वेगावर येतात. अशा वेळी पुरेशी केबल लावली की चित्र खरोखर सुधारतं. पण ते केबल ‘पुरेशी’ झाल्यामुळे. महाग झाल्यामुळे नव्हे. हजार रुपयांच्या प्रमाणित केबलीनेही नेमकं तेच झालं असतं.

दुसरं कारण आणखी साधं आहे. केबल बदलताना पोर्ट (केबल खोचायची जागा) बदललेला असतो. बऱ्याच टीव्हींवर सगळे एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात. चारांपैकी दोनच पूर्ण वेगाचे असतात. शिवाय अनेक टीव्हींवर पूर्ण दर्जाचं चित्र घेण्याची सोय पोर्टनिहाय वेगळी चालू करावी लागते. सोनीवर ती ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ नावाने असते, सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीवर ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’. ती बंद असेल तर सात हजारांची केबल लावूनही एचडीआर धड येणार नाही. टीव्ही आल्यावर आधी ही सेटिंग बघा. ती फुकट आहे.

आता किती वेगाची केबल लागते हे तुम्ही काय बघता यावर अवलंबून आहे, आणि इथे मला तुमच्याबद्दल एक गोष्ट माहीत नाही: घरात कोणी गेम खेळतं का? आकडे असे आहेत. एचडी सेट-टॉप बॉक्सचं फुल एचडी चित्र, ६० फ्रेमचं (सेकंदाला ६० चित्रं) धरलं तरी, सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिटमध्ये बसतं. ४के एचडीआर सिनेमा, म्हणजे २४ फ्रेमचा आणि १० बिट रंगाचा, साधारण ११ गिगाबिट घेतो. ४के ६० फ्रेमला जवळपास १८ गिगाबिट लागतात. आणि नव्या कन्सोलवरचं ४के १२० फ्रेमचं, १० बिट रंगाचं चित्र पूर्ण स्वरूपात पाठवायचं तर सुमारे ४० गिगाबिट. म्हणजे फक्त सिनेमे आणि क्रिकेट बघणाऱ्या घराची गरज १८ गिगाबिटला संपते. एक बारकावा लक्षात ठेवा: काही स्ट्रीमिंग बॉक्स सिनेमा २४ फ्रेमचा असला तरी सतत ६० वर पाठवत राहतात, त्यामुळे ‘मी फक्त सिनेमे बघतो’ म्हणून ११ गिगाबिटवर थांबू नका. हिशेब १८ चा धरा.

तुमच्या घरातलं इंटरनेट कदाचित सेकंदाला १०० मेगाबिटचं असेल आणि त्यावर ४के सिनेमा आरामात चालतो. मग केबलीला १८ गिगाबिट, म्हणजे १८ हजार मेगाबिट, कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. इंटरनेटवरून येणारा सिनेमा दाबून, घडी घालून येतो. बॉक्स ती घडी उलगडतो आणि एचडीएमआयमधून प्रत्येक फ्रेमचा प्रत्येक ठिपका पूर्ण पाठवतो. म्हणून ही केबल नेटवर्कच्या वायरीपेक्षा इतकी नाजूक असते.

केबलीवर वेग कसा ओळखायचा? खोक्यावर ‘२.०’ किंवा ‘२.१’ लिहिलंय यावर जाऊ नका. ते आकडे मानकाच्या आवृत्तीचे आहेत, आणि केबलीवर आवृत्तीचा आकडा छापायला एचडीएमआयच्या परवान्यात परवानगीच नाही. म्हणजे ज्या केबलीवर तो ठळक छापलाय ती विकणाऱ्याने पहिलाच नियम मोडलेला आहे. बघायचे ते दर्जाचे शब्द. ‘हाय स्पीड’ म्हणजे साधारण १० गिगाबिट. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८ गिगाबिटला तपासलेली. ही प्रमाणपत्राची पद्धत २०१५ मध्ये सुरू झाली. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८ गिगाबिट, २०१७ च्या मानकाबरोबर आलेली. शेवटच्या दोन्हींच्या खोक्यावर क्यूआर कोडचं लेबल असतं. एचडीएमआयचं स्वतःचं मोबाइल ॲप आहे, ते उघडून कोड स्कॅन करा. कंपनीचं नाव आणि केबलीची लांबी स्क्रीनवर येते. ती हातातल्या खोक्याशी जुळते का बघा. नकली लेबलं बाजारात असतात, म्हणून नुसतं लेबल बघून थांबू नका, स्कॅन कराच. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर उभं राहून हे करायला अर्धा मिनिट लागतो आणि कोणताही चांगला दुकानदार त्याला आडकाठी करत नाही.

अशी प्रमाणित दोन मीटरची अल्ट्रा हाय स्पीड केबल सध्या साधारण आठशे ते दीड हजारांत मिळते. युनिटमधल्या सगळ्या जोडण्यांसाठी मी हीच लावतो: बॉक्स ते रिसीव्हर, कन्सोल ते रिसीव्हर, रिसीव्हर ते टीव्ही. तीनशेची केबल? दोन मीटरपर्यंत ती अनेकदा चालते, तुमचा मित्र खरं बोलतोय. पण ‘अनेकदा’साठी मी पाहुण्यांसमोर सिनेमा लावताना छातीठोक राहू शकत नाही. वरचे पाच-सातशे रुपये मी चित्रासाठी देत नाही. ही केबल त्या वेगाला कोणीतरी तपासलेली आहे, एवढ्या खात्रीचे ते पैसे. ती खात्री हजार रुपयांत पूर्ण मिळते. त्यावरचे सहा हजार देऊन तुम्हाला दिसायला देखणी वस्तू मिळेल, आणि कधीकधी एक अडचणही: या जाडजूड, वेणी घातलेल्या केबली वजनदार आणि ताठ असतात. एचडीएमआयच्या पोर्टला अडकवायची खिट्टी नसते, पिन नुसत्या घर्षणावर बसलेली असते. भिंतीवर टांगलेल्या टीव्हीच्या मागे जेमतेम दोन-तीन इंच जागा. तिथे ताठ केबल जबरदस्तीने वळवली की सगळा ताण पोर्टच्या सोल्डरवर येतो. टीव्हीमागे मी मुद्दाम मऊ, मध्यम जाडीची केबल निवडतो.

सोन्याच्या मुलाम्याबद्दलही विचारलं आहेत. सोन्याने चित्र सुधारत नाही, पण सोनं गंजत नाही. पुण्यात किंवा नाशकात हा मुद्दा गौण आहे. ठाणे-मुंबईच्या पावसाळ्यात थोडा महत्त्वाचा, आणि रत्नागिरी, मालवण, गोव्यात समुद्राजवळच्या घरात चांगलाच महत्त्वाचा. खाऱ्या हवेत हलक्या मुलाम्याच्या पिना काळवंडतात आणि मग चालू-बंद, चालू-बंद सुरू होतं. तुमच्यासाठी प्रमाणित केबलीला जो मुलामा असतो तो पुरे. कधी चित्र अडखळलं तर सगळं बंद करून पिना दोन-तीनदा काढून घाला. अनेक ‘केबल खराब झाली’ तक्रारी तिथेच मिटतात.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: छोट्या केबली हजार-दीड हजारांच्या प्रमाणित घ्या, क्यूआर स्कॅन करा, टीव्हीची सेटिंग चालू करा, विषय संपला. आता प्रोजेक्टरकडे वळू. खरा निर्णय तिथे आहे आणि तो पीओपीच्या आधी व्हायला हवा.

तुम्ही लिहिलंय की युनिट आणि प्रोजेक्टर यांत पाच मीटर अंतर आहे. ते सरळ रेषेतलं अंतर आहे. केबल सरळ रेषेत जाणार नाही. युनिटपासून भिंतीतून छतापर्यंत अडीच मीटर, तिथून मधोमध यायला दीड मीटर, छतावरून मागे पाच मीटर, प्रोजेक्टरच्या खांबातून खाली अर्धा मीटर, आणि रिसीव्हर पुढे ओढून मागची जोडणी करता यावी म्हणून दोन्ही टोकांना मिळून मीटरभर मोकळी. झाले साडेदहा. १२ मीटरची केबल लागेल. सुतळी घेऊन ज्या वाटेने पाइप जाणार त्याच वाटेने मोजा; नकाशावरून मोजू नका.

आता १२ मीटरवर तांब्याचं काय होतं ते बघा. सिग्नल जितका वेगवान, तितका तो तारेत लवकर विरतो. साध्या तांब्याच्या चांगल्या केबलीवर १८ गिगाबिट पाच मीटरपर्यंत मला बिनघोर वाटतात. जाड तारेची असेल तर सात-आठ मीटर जमून जातात. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, म्हणजे २४ गेज ही २८ पेक्षा जाड. ४८ गिगाबिटला साधं तांबं तीन मीटरच्या पुढे फार जात नाही. म्हणजे दुकानात ‘१५ मीटर, ४के’ असं लिहिलेली दीड-दोन हजारांची तांब्याची केबल मिळते ती कदाचित ४के दाखवेलही, पण ३० फ्रेमवर, एचडीआरशिवाय. दुकानातल्या डेमोत ते कळत नाही. घरी प्रोजेक्टर पूर्ण दर्जाला लावला की ठिपके उडायला लागतात, आणि तोवर केबल पीओपीच्या वर गेलेली असते.

या लांबीला मी फायबरची एचडीएमआय केबल लावतो. बाजारात तिला ‘एओसी’ किंवा ‘ऑप्टिकल एचडीएमआय’ म्हणतात. दोन्ही टोकांच्या पिनेत छोटी चिप असते, ती विजेच्या सिग्नलचा प्रकाश करते आणि पलीकडे प्रकाशाची पुन्हा वीज. चित्राचा वेगवान भाग काचेच्या तंतूंमधून जातो, म्हणून १२ काय आणि ३० मीटर काय, फरक पडत नाही. चांगल्या १२-१५ मीटरच्या केबलीला सध्या साधारण सहा ते बारा हजार पडतात. म्हणजे दुकानदाराने सांगितलेले सात हजार खर्च करायला हरकत नाही, फक्त चुकीच्या केबलीवर नको. तेच पैसे इथे लावा.

ही केबल घेताना आणि ओढताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. सोर्स रिसीव्हरकडे, डिस्प्ले प्रोजेक्टरकडे. उलटी ओढली तर चित्र येणारच नाही आणि केबल काढून परत ओढावी लागेल. म्हणून ओढण्याआधी दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा आणि इलेक्ट्रिशियनला स्वतः उभं राहून दाखवा. काचेचा तंतू असल्यामुळे तिला काटकोनात दुमडायचं नाही, खिळ्याने ठोकायचं नाही, टायने आवळायचं नाही. आतल्या चिपला वीज रिसीव्हरच्या पोर्टमधूनच मिळते, आणि काही पोर्ट ती जेमतेम देतात; म्हणून गरज पडल्यास यूएसबीतून वीज घेता येईल असं मॉडेल असेल तर ते घ्या. प्रोजेक्टरला आवाज परत पाठवायचा नसतो, त्यामुळे ‘ई-आर्क’ (टीव्हीचा आवाज त्याच केबलीतून रिसीव्हरकडे परत नेण्याची सोय) चालतं का याची इथे काळजी नको. मात्र पुढेमागे लांबच्या टीव्हीला अशी केबल लावलीत तर ते जरूर विचारा, कारण सगळ्या फायबर केबली ते करत नाहीत.

दुसरा मार्ग नेटवर्कच्या कॅट-६ वायरीवरून एचडीएमआय पाठवायचा. त्यासाठी दोन्ही टोकांना एकेक डबा लागतो. ऑफिसांत, शाळांत, पन्नास-साठ मीटरच्या सभागृहात मी ते आनंदाने लावतो. घरातल्या १२ मीटरसाठी दोन जादा डबे, दोन जादा अडॅप्टर आणि बिघाडाच्या दोन जादा जागा मला पटत नाहीत. कॅट-६ ची एक वायर मात्र त्याच पाइपमधून टाकून ठेवा. किंमत नगण्य आहे आणि प्रोजेक्टरला इंटरनेट द्यायला ती कामी येते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी हे एवढं लांब लिहितोय. केबल कधी ना कधी बदलावी लागणार आहे. फायबर केबलीची चिप जाऊ शकते. मानकं बदलतात: २०१३ मध्ये १८ गिगाबिट होते, २०१७ मध्ये ४८ झाले, २०२५ मध्ये ९६ चं मानक आलं. दुकानदार ‘पुढच्या दहा वर्षांची सोय’ म्हणून महाग केबल विकेल, पण दहा वर्षांनी काय लागेल हे आज घेतलेली कोणतीही केबल ठरवू शकत नाही. ते पाइप ठरवू शकतो. भिंतीत योग्य पाइप असेल तर नवी केबल तासाभरात ओढता येते. पाइप नसेल, किंवा केबल तशीच प्लास्टरमध्ये दाबली असेल, तर पीओपी, पुट्टी, रंग सगळं पुन्हा.

एचडीएमआयची पिन प्लास्टिकच्या डोक्यासकट साधारण २० मिलिमीटर रुंद असते. इलेक्ट्रिशियन सवयीने विजेच्या वायरींना वापरतो तो २० किंवा २५ मिलिमीटरचा पाइप टाकतो, आणि पहिल्याच वळणावर पिन अडकते. तुम्ही ४० मिलिमीटरचा पाइप मागा. तो भिंतीत बसवायला झिरी मोठी मारावी लागते म्हणून गवंडी कुरकुर करेल; आताच कुरकुर ऐकून घ्या. वळणांवर काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचे बेंड वापरायला सांगा. पाइपच्या आत एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवा, आणि केबल ओढताना तिच्यासोबत नवी दोरीही आत जाऊ द्या, म्हणजे पुढच्या वेळेस दोरी तयार असते. मोठा पाइप शक्यच नसेल तर टोकाची पिन सुटी होणाऱ्या फायबर केबली मिळतात, त्यांचं टोक लहान असतं आणि ते २५ च्या पाइपमधूनही जातं. पीओपीच्या वर केबल उघडी सोडू नका, तिथेही पाइपमध्येच ठेवा. छताच्या पोकळीत उंदीर शिरतात आणि केबल कुरतडतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. विजेच्या २३० व्होल्टच्या वायरींना वेगळा पाइप. दोन्ही एकाच पाइपमध्ये टाकू द्यायच्या नाहीत, इलेक्ट्रिशियन कितीही म्हणाला तरी.

विजेवरून आठवलं. केबल खराब झाल्याच्या नावाखाली माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत जळलेले एचडीएमआय पोर्ट बरेच असतात. कारण बहुतेक वेळा अर्थिंग. रिसीव्हर एका बोर्डवर, प्रोजेक्टर दुसऱ्या बोर्डवर, त्याला अर्थिंग नाही किंवा नावापुरतं आहे, आणि सेट-टॉप बॉक्सला गच्चीवरच्या डिशमधून आलेली वायर. या सगळ्यांच्या धातूच्या कवचांमध्ये व्होल्टेजचा फरक साठलेला असतो. कधी बॉक्सला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या याच्याच. सगळं चालू असताना एचडीएमआयची पिन घातली की तो फरक पोर्टमधून वाट काढतो. म्हणून प्रोजेक्टरचा प्लग पॉइंट आणि युनिटचा बोर्ड दोन्हींना खरं अर्थिंग पोचतंय का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि केबल लावता-काढताना भिंतीवरची बटणं बंद करा, नुसता रिमोट दाबून चालत नाही. वादळी पावसात डिशची वायर बॉक्समधून काढून ठेवणं ठाण्यातही शहाणपणाचं आहे. इथे जे वाचतं ते केबलीच्या किमतीच्या कितीतरी पट असतं.

रिसीव्हरबद्दल एक गोष्ट. ४के १२० चा प्रश्न असेल आणि चित्र अडखळत असेल तर दरवेळी केबलीला दोष देऊ नका. २०२० च्या सुमारास आलेल्या काही रिसीव्हरांच्या चिपमध्येच दोष होता आणि लोक एकामागून एक केबली बदलत बसले. शोध लावायची पद्धत सोपी आहे: बॉक्स किंवा कन्सोल छोट्या प्रमाणित केबलीने थेट टीव्हीला लावा. तिथे चाललं तर केबल आणि बॉक्स दोन्ही निर्दोष. मग रिसीव्हर, मग लांब केबल, असं एकेक जोडत या.

तुमच्या घरात गेमिंग नसेल आणि प्रोजेक्टर १८ गिगाबिटचाच असेल (घरगुती ४के प्रोजेक्टरांपैकी बरेच तेवढेच घेतात), तर फायबरची १८ गिगाबिटची केबल पुरते आणि दोन-तीन हजार वाचतात. गेमिंग प्रोजेक्टरवरच होणार असेल आणि तो ४८ घेत असेल, तर ४८ ची घ्या. पाइप ४० चा असेल तर मी आज १८ ची घेऊन समाधानी राहीन. पाइप लहान असेल आणि बदलणं अवघड असेल तर उलट सांगेन: जास्तीचे पैसे देऊन ४८ चीच टाका.

छोट्या केबलींवरचे वाचलेले पैसे कुठे लावावेत असंही तुम्ही विचारलंत. दुकानदाराने वचन दिलेला ‘अधिक काळा’ काळा रंग प्रोजेक्टरवर खरोखर मिळतो, पण तो खिडक्यांच्या पडद्यांमुळे आणि भिंतीच्या रंगामुळे. हॉलच्या खिडक्यांना दुहेरी, उजेड अडवणारे पडदे लावा, आणि स्क्रीनच्या आजूबाजूच्या भिंतीला व छताच्या पुढच्या भागाला पांढऱ्याऐवजी गडद, चकाकी नसलेला रंग द्या. पांढऱ्या छतावरून परत येणारा उजेड स्क्रीनवरचा काळा रंग राखाडी करतो. हा फरक घरातल्या आजींनाही दिसतो. टीव्हीवर ‘व्हिव्हिड’ मोड काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा.

केबल ओढून झाली की पीओपीवाल्याला लगेच काम सुरू करू देऊ नका. प्रोजेक्टर अजून आला नसेल तर टीव्हीच स्टुलावर ठेवून त्या टोकाला जोडा. बॉक्स ४के ६० फ्रेम, एचडीआर चालू, अशा पूर्ण दर्जावर लावा आणि अंधारे प्रसंग भरपूर असलेला एक अख्खा सिनेमा चालवा. सुरुवातीची दहा मिनिटं पुरत नाहीत. फायबरच्या चिपा गरम झाल्यावर दोष दाखवतात. टीव्हीच्या माहितीच्या बटणावर रिझोल्यूशन, फ्रेम आणि एचडीआर तिन्ही बरोबर येताहेत का ते वाचा. एकही ठिपका चमकला, एकदाही स्क्रीन काळी झाली, तर केबल परत करायची वेळ तीच आहे. बिल आणि खोकं तोवर जपून ठेवा.